‘दादा, एवढी प्रिंट काढून द्या’: गिऱ्हाइकाची फाईल उघडायची कशी, दुरुस्त काय करायचं आणि नीट छापून कसं द्यायचं



झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान टाकायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “सर, प्रिंटर कुठला घेऊ?” प्रश्न चुकीचा नाही. पण प्रिंटर तुमच्याकडे असतो तसा समोरच्या दुकानातही असतो. गिऱ्हाईक मोबाईल पुढे करून “दादा, एवढी प्रिंट काढून द्या” म्हणतं, त्यानंतरच्या पाच मिनिटांत तुम्ही काय करता, त्यावर ते परत येणार की नाही हे ठरतं.

त्या पाच मिनिटांत काय काय होतं ते आठवा. फाईल उघडतच नाही. उघडली तर पासवर्ड मागते. पासवर्ड मिळाला तर मराठीच्या जागी भलतंच काहीतरी दिसतं. ते जमलं तर प्रिंटमध्ये खालची सही कापली जाते. गिऱ्हाईक तोच कागद घेऊन बँकेत जातं, तिथून परत पाठवलं जातं आणि शेवटचा दिवस हुकतो. दोष कोणाला? आपल्याला.

म्हणून आजचा विषय: डाउनलोड केलेल्या फाईली. व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंच आहे, इथे सगळं लिहून देतोय, म्हणजे काउंटरजवळ लावून ठेवता येईल.

प्रिंटचं बटण दाबण्याआधी तीन प्रश्न

१. ही फाईल नक्की कुठल्या प्रकारची आहे?
२. यात बदल करायचा हक्क कोणाला आहे?
३. हा कागद कुठे द्यायचा आहे?

पहिल्या प्रश्नाने फाईल उघडते, दुसऱ्याने तुम्ही अडचणीत येत नाही आणि तिसऱ्याने कागद परत येत नाही. दुकानात मुलगा कामाला ठेवला तर त्याला पहिल्या दिवशी हेच तीन प्रश्न पाठ करायला लावा.

आधी ओळखा, मग उघडा

विंडोजमध्ये फाईलच्या नावाचा शेवटचा भाग, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवलेला असतो. तो आधी दिसता करा. फोल्डर उघडा, वर ‘व्ह्यू’ मध्ये जा आणि ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ वर टिक करा. विंडोज ११ मध्ये ‘व्ह्यू’ च्या आत ‘शो’ आहे, तिथे हा पर्याय मिळेल.

याचा मोठा फायदा सुरक्षेचा आहे. नाव ‘बिल पीडीएफ’ आणि शेवट मात्र ‘ईएक्सई’, अशी फाईल कागद नसते, प्रोग्रॅम असतो. तिला हात लावू नका. मोबाईलवर लग्नपत्रिका किंवा आरटीओ चलन म्हणून ‘एपीके’ फाईल येते, तीही तशीच. गिऱ्हाईक म्हणालं, “पत्रिका उघडत नाहीये, बघा ना,” तर उघडून देऊ नका. ही फसवणूक आहे, डिलीट करा, असं स्पष्ट सांगा. तुमच्या एका वाक्याने त्या माणसाचं बँक खातं वाचू शकतं.

आता रोज येणारे प्रकार.

पीडीएफ. अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणली आणि २००८ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. कुठल्याही कॉम्प्युटरवर पान जसंच्या तसं दिसावं, हाच तिचा हेतू. साधी पीडीएफ क्रोममध्येही उघडते. पण काही जुन्या पद्धतीचे फॉर्म ब्राउझरमध्ये उघडले की पानावर फक्त ‘प्लीज वेट’ असं येतं. कितीही थांबलात तरी पुढे काही होत नाही. फाईल खराब नसते. ती सेव्ह करून अडोबी रीडरमध्ये उघडा, फॉर्म दिसेल.

पासवर्ड असलेली पीडीएफ. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि पुढे जन्मवर्ष. नाव सुरेश आणि जन्म १९९० चा असेल तर एस, यू, आर, ई आणि १९९०. आधारवर नावाचं जे स्पेलिंग आहे तेच धरायचं. ई-पॅनला जन्मतारीख: दोन आकडी दिवस, दोन आकडी महिना, चार आकडी वर्ष, मध्ये काही चिन्ह नाही. बँक स्टेटमेंटचा पासवर्ड कसा बनतो ते बँकेच्या ईमेलमध्येच लिहिलेलं असतं. पासवर्ड गिऱ्हाइकालाच टाकायला सांगा.

वर्ड आणि एक्सेल. एमएस ऑफिस घ्यायला पैसे नसतील तर चोरीची कॉपी टाकू नका, लिबरऑफिस मोफत आहे. साध्या अर्जांना पुरतं. फाईल उघडल्यावर वर पिवळी पट्टी येते. ‘एनेबल एडिटिंग’ दाबलं की दुरुस्ती करता येते. पण मॅक्रो चालू करायला सांगणारी फाईल अनोळखी ठिकाणाहून आली असेल तर तिथेच थांबा.

झिप. ही एक पिशवी आहे. पिशवीत हात घालून दुरुस्ती करू नका, केलेला बदल हरवू शकतो. आधी ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करा, मग काम सुरू करा.

एचईआयसी. आयफोनचे फोटो २०१७ पासून या प्रकारात येऊ लागले. विंडोजवर ते कधी कधी उघडत नाहीत. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की पुढचे फोटो जेपीजीमध्ये येतात.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, बारीक अक्षरं फुटतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ जसाच्या तसा येतो. “काका, स्क्रीनशॉट नको, मूळ फाईल डॉक्युमेंटमधून पाठवा,” हे वाक्य तुम्ही दिवसातून वीस वेळा म्हणणार आहात, सवय करून घ्या.

मराठी फाईल उघडली आणि अक्षरांची खिचडी झाली

आपल्या भागात टिकायचं असेल तर हे यायलाच पाहिजे. ग्रामपंचायतीचा ठराव, वकिलाचा मसुदा, शाळेची प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, सगळं मराठीत असतं. अडचण तीन प्रकारची असते आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

पहिला प्रकार: मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाईल श्रीलिपी, कृतिदेव, आकृती अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहे. या फॉन्टमध्ये आत साठवलेलं अक्षर इंग्रजीच असतं, फॉन्ट त्याला फक्त मराठी रूप देतो. तो फॉन्ट तुमच्याकडे नसला की मूळ इंग्रजी खिचडी उघडी पडते. अशा वेळी सगळं सिलेक्ट करून मंगल फॉन्ट लावण्यात काही अर्थ नाही. एक तर ज्याने फाईल बनवली त्याच्याकडून पीडीएफ मागवा. नुसती प्रिंट हवी असेल तर हा सगळ्यात सोपा मार्ग. दुरुस्ती करायची असेल तर तो फॉन्ट रीतसर घेऊन टाका किंवा कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्ट केल्यावर जोडाक्षरं, रफार आणि आकडे एकदा वाचून काढायचेच. गट नंबरमधला एक आकडा बदलला तर कागद दुसऱ्याच जमिनीचा होतो.

दुसरा प्रकार: रिकामे चौकोन दिसतात. मजकूर युनिकोडमध्ये आहे, पण निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मंगल किंवा निर्मला यूआय लावा, काम झालं.

तिसरा प्रकार: अक्षरं बरोबर, पण वेलांटी भलतीकडे आणि जोडाक्षरं तुटलेली. हे जुन्या डिझाईन सॉफ्टवेअरमध्ये जास्त होतं. तोच मजकूर वर्डमध्ये टाका, तिथून पीडीएफ करा आणि तीच छापा.

आणि तुम्ही स्वतः मराठी फाईल बनवून देता तेव्हा? नेहमी युनिकोडमध्ये टाईप करा. गिऱ्हाइकाला दोन फाईली द्या: पुढे बदलायला वर्डची आणि छापायला पीडीएफ. पुढच्या वेळी “तुमच्याकडची फाईल कुठेच उघडत नाही” हे ऐकावं लागणार नाही.

दुरुस्ती: कुठे करायची आणि कुठे हात जोडायचे

इथे जरा सावकाश वाचा. दुकान बंद पडण्याइतकी मोठी चूक होते ती इथेच.

गिऱ्हाइकाचा स्वतःचा कागद, म्हणजे बायोडाटा, अर्ज, कोटेशन, भाडेकराराचा मसुदा, पत्रिका, हे सगळं त्याच्या सांगण्यावरून बदलायला हरकत नाही. फॉर्ममध्ये माहिती भरणं, पानं जोडणं, वेगळी करणं, आडवं पान उभं करणं, साईज कमी करणं, हेही आपलं काम.

दुसऱ्या कोणी दिलेला कागद मात्र एका अक्षरानेही बदलायचा नाही. आधार, पॅन, मार्कशीट, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा, बँक स्टेटमेंट, पगाराची स्लिप. “फक्त वर्ष बदला” हाही बदलच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही बनावट कागद तयार करणं हा गुन्हा आहे, आणि “गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून केलं” हा बचाव होत नाही. कागद तुमच्या कॉम्प्युटरवर तयार झालेला असतो.

पण नुसतं “नाही जमणार” म्हणून माणसाला परत पाठवू नका. समजा, एखादी ताई विचारते:

“दादा, उत्पन्नाच्या दाखल्यावर फक्त साल बदलून द्या ना. मुलीच्या स्कॉलरशिपला लावायचाय, बाकी सगळं तेच आहे.”

तिला सांगा: “ताई, हा दाखला तहसीलमधून येतो. त्यावर बारकोड आहे, ऑनलाईन तपासला की लगेच कळतं. मुलीची स्कॉलरशिपच अडकेल. नवीन दाखल्याचा अर्ज करूया. कोणते कागद लागतात ते लिहून देतो, उद्या घेऊन या.”

बघा, नाही म्हणूनही काम तुमच्याकडेच राहिलं. ताईचं नुकसान टळलं आणि तुमचं नाव राहिलं. बीबीएच्या पुस्तकात ‘कस्टमर रिटेन्शन’ वर अख्खा धडा असतो, आपल्या काउंटरवर तो या चार वाक्यांत होतो.

डिजिटल सही असलेल्या पीडीएफची गोष्ट थोडी वेगळी. त्या फाईलमध्ये काहीही बदललं की सहीची पडताळणी मोडते. म्हणून तिला एडिटरमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नका. ई-आधारवर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ दिसतं, तेव्हा फाईल अडोबी रीडरमध्ये उघडा आणि इंटरनेट चालू ठेवा. सहीवर राईट क्लिक करून ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’, तिथून ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’, मग ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’ आणि ‘ट्रस्ट’ या टॅबमधून ते सर्टिफिकेट विश्वासातल्या यादीत टाका. पुन्हा व्हॅलिडेट केलं की हिरवी टिक येते. अट एकच, फाईल अधिकृत साईटवरूनच डाउनलोड केलेली हवी. कोणीतरी फॉरवर्ड केलेल्या फाईलवर असा विश्वास टाकायचा नाही.

सातबाऱ्याला तिसरा प्रश्न आठवा: कुठे द्यायचा आहे? महाभूलेखवर मोफत दिसणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो. बँकेत किंवा कार्यालयात द्यायचा असेल तर पंधरा रुपये शुल्क भरून मिळणारा डिजिटल सहीचा सातबारा लागतो, त्यावर पडताळणीचा क्रमांकही असतो. शेतकरी एस.टी.ने तालुक्याला येतो. त्याला चुकीचा सातबारा छापून दिलात तर त्याचा अख्खा दिवस जातो. एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो?

फोटो आणि सहीची साईज

ऑनलाईन फॉर्म अडतो तो बहुतेक इथेच. उदाहरण म्हणून आयबीपीएसच्या बँक परीक्षांचे फॉर्म घ्या. फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी. सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी. पिक्सेल म्हणजे फोटोची लांबी-रुंदी, केबी म्हणजे वजन. आधी फोटो चौकटीत कापा, मग पिक्सेल बसवा आणि शेवटी वजन बघा. उलट क्रमाने गेलात तर फोटो धूसर होतो.

इरफानव्ह्यू किंवा साधं पेंट यासाठी पुरतं. पीडीएफ जोडायला आणि लहान करायला पीडीएफ२४ क्रिएटर कॉम्प्युटरवर टाकून घ्या, तो ऑफलाईन चालतो. लोकांचे आधार आणि मार्कशीट अनोळखी वेबसाईटवर चढवून लहान करू नका. गिऱ्हाइकाने कागद तुम्हाला दिलाय, त्या वेबसाईटला नाही.

एक्सेलचे दोन सापळे

बचत गटाची यादी किंवा व्यापाऱ्याचा हिशेब घेऊन कोणी आलं तर एवढं बघा.

एक, मोठे आकडे. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच अचूकता ठेवतं. सोळा आकडी खाते क्रमांक साधा टाईप केला तर शेवटचा आकडा शून्य होतो. सुरुवातीचं शून्यही उडतं. बारा आकडी आधार क्रमांक मध्येच इंग्रजी ‘ई’ घालून दिसतो. म्हणून आकडे भरण्याआधी तो कॉलम ‘टेक्स्ट’ करा. नंतर केला तर गेलेला आकडा परत येत नाही. सीएसव्ही फाईल थेट डबल क्लिकने उघडू नका. ‘डेटा’ मधून ‘फ्रॉम टेक्स्ट’ ने घ्या आणि यूटीएफ-८ निवडा, म्हणजे मराठी नावंही नीट येतील.

दोन, छपाई. सरळ प्रिंट दिली तर एक यादी नऊ पानांवर तुकड्या-तुकड्यांनी येते. पान आडवं करा, ‘पेज लेआउट’ मध्ये रुंदी एक पान ठेवा आणि उंची ऑटोमॅटिक. ‘प्रिंट टायटल्स’ मध्ये वरची ओळ निवडली की प्रत्येक पानावर मथळा येतो.

आता प्रिंट

‘फिट’ आणि ‘अ‍ॅक्च्युअल साईज’ यातला फरक समजला की अर्ध्या तक्रारी संपतात. फिट म्हणजे पान कागदात मावेल असं लहान-मोठं करणं. अ‍ॅक्च्युअल म्हणजे आहे त्याच मापात. माप महत्त्वाचं असेल तिथे अ‍ॅक्च्युअल: पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, कार्ड साधारण ८६ बाय ५४ मिलिमीटर. पहिली प्रिंट साध्या कागदावर काढा आणि पट्टी लावून मोजा. मगच फोटो पेपर किंवा पीव्हीसी घाला, तो महाग असतो.

कागदाचं मापही बघा. ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर, लीगल २१६ बाय ३५६. प्रतिज्ञापत्र लीगलवर बनवलं असेल आणि तुम्ही ए-फोरवर अ‍ॅक्च्युअल साईजने छापलं तर खालची सहीची जागा गेलीच. लीगल कागदाचं एक पाकीट दुकानात ठेवाच.

दोन्ही बाजूंना छापताना उभ्या पानाला ‘लाँग एज’ निवडा, नाहीतर मागचं पान उलटं येतं. फाईल पडद्यावर बरोबर आणि प्रिंटमध्ये अक्षरं गायब असं झालं, तर अडोबी रीडरच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ मध्ये ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ वर टिक करा. बहुतेक वेळा काम होतं. आणि प्रिंट देण्याआधी पानांची संख्या बघून विचारा, “चाळीस पानं आहेत, सगळी हवीत की सहीचं पानच?”

दर कसा लावायचा

टोनरच्या खोक्यावर पानांचा जो आकडा असतो तो पानाचा सुमारे ५ टक्के भाग काळा होईल असं धरून दिलेला असतो. समजा, खोक्यावर १५०० पानं लिहिलीत. पण पानाचा २० टक्के भाग काळा होत असेल, तर तोच टोनर साधारण ३७५ पानांत संपतो. म्हणजे मोबाईलने काढलेल्या करड्या फोटोंची पीडीएफ आणि साधा अर्ज एकाच दरात देणं परवडत नाही. फोटोचा कागद आधी स्कॅनिंगच्या अ‍ॅपने पांढरा करून घ्या. टोनर वाचतो आणि प्रिंटही स्वच्छ येते.

बोर्डावर दोन दर वेगळे लिहा: प्रिंटचा आणि फाईल दुरुस्तीचा. दहा मिनिटं फॉन्टशी झगडून दोन रुपयांची प्रिंट दिलीत, तर ती सेवा नाही, तोटा आहे. काम सुरू करण्याआधी सांगितलेला दर लोक देतात, वाद होतो तो नंतर सांगितलेल्या दरावर. ज्या सेवांचं शुल्क सरकारने ठरवलंय तिथे मात्र ठरलेलंच घ्या आणि पावती द्या.

दुकान बंद करताना

दिवसभरात तुमच्या ‘डाउनलोड्स’ मध्ये किती लोकांचे आधार, पासबुक, फोटो जमले ते एकदा मोजा. ही तुमची मालमत्ता नाही, जबाबदारी आहे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही आला आहे.

रोजचा नियम करा. गिऱ्हाइकाचं लॉगिन ‘इन्कॉग्निटो’ मध्ये उघडा आणि त्याच्यासमोर लॉगआउट करा. काम झालेली फाईल शिफ्ट धरून डिलीट करा. आधार द्यायचंच असेल आणि समोरच्याला चालत असेल तर मास्क्ड आधार सुचवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बिघडलेली प्रिंट फाडून टाका. कोणाच्या तरी आधारच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब लिहिलेला दिसला, तर बघणारा पुन्हा तुमच्याकडे कागद देणार नाही.

या आठवड्याचं काम

दुकान सुरू झालेलं नसलं तरी हे करा. घरच्या कॉम्प्युटरवर एक्स्टेन्शन दिसते करा. स्वतःचं ई-आधार डाउनलोड करून हिरवी टिक आणा. एक मराठी अर्ज युनिकोडमध्ये टाईप करून पीडीएफ करा आणि दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून बघा. पासपोर्ट फोटो अ‍ॅक्च्युअल साईजमध्ये छापून पट्टीने मोजा. चारही जमले तर काउंटरवर बसायला तुम्ही तयार आहात, प्रिंटर मग कुठलाही असू दे.

कुठली फाईल अडली तर तिचा प्रकार आणि येणारा मेसेज कमेंटमध्ये लिहा. गिऱ्हाइकाची फाईल मात्र पाठवू नका! पुढच्या भागात जुना झेरॉक्स मशीन घेताना काय तपासायचं ते बघू. भेटूया.